थांबा मामा, पुढचा येऊलालाय!

चाकुरात बरा कॅमेरा असलेली माणसं थोडी. पुढचा कॅमेरा कधी येणार हे छातीठोकपणे सांगणारी मात्र कुठल्याही टपरीवर दोन-तीन सापडतील. लातूर-नांदेड रस्त्यावरचं हे तालुक्याचं गाव टोकियोपासून तसं लांबच. पण तिथल्या एखाद्या इंजिनिअरला शिंक आली, तर तो कोणत्या मॉडेलवर काम करताना शिंकला असेल, याची चर्चा आमच्या बसस्थानकासमोरच्या स्टुडिओत संध्याकाळच्या चहाला होते.

स्टुडिओ तात्यांचा. पूर्वीच्या डार्करूममध्ये आता झेरॉक्स मशीन आहे. भिंतीवरच्या पडद्यावर स्वित्झर्लंडचं तळं आहे आणि तळ्याच्या काठावरून कुलरची वायर गेलीय. तात्यांच्या गळ्यात असतो तो कॅननचा ५डी मार्क थ्री, २०१२ सालचं मॉडेल. धंद्यातली माणसं त्याला नुसतं 'मार्क थ्री' म्हणतात. पूर्ण नाव फक्त चोरीची तक्रार लिहिताना लागतं. हाताखाली सख्खा भाचा आहे. फोटो काढणं हे तात्यांचं खातं, बातम्या हे भाच्याचं. तात्यांना तिथी, मुहूर्त आणि कोणत्या मंगल कार्यालयाचा जनरेटर दगा देतो हे तोंडपाठ. भाच्याला सेन्सर, प्रोसेसर आणि जपानातल्या कंपन्यांची अंतर्गत भांडणं तोंडपाठ. तात्यांच्या तोंडून नुसतं "नवा घ्यावा म्हनतो" एवढं निघालं, की भाचा मोबाइलवरून मान वर करतो.

"मामा, थांबा. पुढचा येऊलालाय."

या एका वाक्यावर तात्यांनी आजवर किती लाख वाचवले याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. २०१८ च्या फेब्रुवारीत सोनीचा ए-सेव्हन-थ्री आला. आरसा नसलेला, हलका, आणि लग्नवाल्यांच्या खिशाला जेमतेम पेलणारा. तात्या हैदराबादच्या कोठी बाजारात जाऊन बघून येणार होते. भाच्याने थांबवलं, कारण कॅननही त्याच वर्षी आपला आरसा नसलेला कॅमेरा काढणार अशी कुणकुण होती. तो सप्टेंबरात निघाला, ईओएस आर. पण त्यात कार्ड घालायची खाच एकच! लग्नात एका कार्डाच्या भरवशावर राहायचं म्हणजे कठीणच. कार्ड गेलं तर नवरा-नवरीला पुन्हा बोहल्यावर चढा कसं म्हणणार? थांबा. २०२० च्या जुलैत आर-फाइव्ह आला. खाचा दोन, व्हिडिओ आठ-के, किंमत ऐकून तात्या स्वतःच थांबले. २०२१ च्या ऑक्टोबरात सोनीचा ए-सेव्हन-फोर आला आणि आल्या पावली ए-सेव्हन-फाइव्हच्या गोष्टी सुरू झाल्या. तो अखेर डिसेंबर २०२५ मध्ये उगवला. मधल्या चार वर्षांत तात्यांनी मार्क थ्रीवर ज्यांची लग्नं काढली, त्यांची पोरं आता बालवाडीच्या ओळखपत्रासाठी त्याच मार्क थ्रीसमोर येऊन रडतात.

ए-सेव्हन-फाइव्ह जाहीर झाला त्या आठवड्यात मी भाच्याला म्हटलं, "आला की आता. घ्यायचा का?" तो माझ्याकडे कीव आल्यासारखा बघत राहिला. "सर, आता तर आला ते. आलेल्यात काय मजा हाय?"

आता या अफवा येतात कुठून? मला वाटायचं, कारखान्यातला कुणी फितूर असेल, रात्री अंधारात चिठ्ठी टाकत असेल. तसं काही नाही. आजच्या कॅमेऱ्यात वायफाय आणि ब्लूटूथ असतं, म्हणजे कॅमेरा हा सरकारच्या लेखी एक छोटा रेडिओ ठरतो. रेडिओ म्हटला की देशोदेशीच्या सरकारी खात्यांत आधी नोंद करावी लागते. तिथल्या यादीत एक दिवस एखादा अनोळखी सांकेतिक क्रमांक दिसतो. नाव नाही, गाव नाही, नुसता क्रमांक. एवढ्यावर जगभरातली माणसं पंचांग मांडून बसतात. दुसरा झरा पेटंटचा. कॅनन, निकॉनसारख्या कंपन्या लेन्सच्या रचनांची ढीगभर पेटंटं मागतात. त्यातली बहुतेक कागदावरच म्हातारी होतात. पण भाच्याच्या दृष्टीने पेटंट निघालं म्हणजे सुपारी फुटली, आता फक्त तारीख काढायची बाकी.

बरं, ही मंडळी आंधळेपणाने विश्वास ठेवतात असंही नाही. कॅननच्या अफवांना तर रीतसर दर्जा लावलेला असतो. सीआर-वन म्हणजे ऐकीव, सीआर-टू म्हणजे बऱ्यापैकी भरवशाच्या माणसाकडून आलेली, सीआर-थ्री म्हणजे जवळजवळ पक्की. ही पद्धत मला इतकी आवडली की मी ती गावच्या बातम्यांना लावून बघतो. 'उदगीर जिल्हा होणार' ही आमच्याकडची सर्वांत जुनी सीआर-वन. लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ ला उस्मानाबादेतून वेगळा निघाला, तेव्हापासून पुढचा नंबर कुणाचा याच्या याद्या फिरताहेत. दर सव्वीस जानेवारीच्या आधी ती यादी मोबाइलवर येते, सत्तावीसला विरते. सोनीवाले चार वर्षांत एक कॅमेरा देतात तरी.

'लीक' म्हटलं की मात्र आमच्या जिल्ह्यात जरा खाली मान घालून बोलावं लागतं. २०२४ च्या जूनमध्ये नीटच्या पेपरफुटीच्या तपासात लातूरचं नाव देशभर गाजलं. तेव्हापासून भाचा चारचौघांत मोठ्याने "मामा, लीक झालं!" म्हणाला, की टपरीवरची दोन-चार पालक मंडळी दचकून चहा सांडतात. तात्यांनी त्याला ताकीद दिलीय. 'कॅमेऱ्याचं' हा शब्द आधी लावायचा.

परीक्षणांचं शास्त्र आणखी निराळं. कंपनी निवडक परीक्षकांना आधीच कॅमेरा देते आणि अमुक तारखेच्या अमुक मिनिटापर्यंत तोंड उघडणार नाही अशी सही घेते. ते मिनिट आलं की सगळ्यांची परीक्षणं एकदम बाहेर, दहावीचा निकाल दुपारी एकला लागतो तसा. भाचा त्या दिवशी जेवत नाही. एकच कॅमेरा बारा जणांनी बारा तऱ्हांनी वाखाणलेला तो बाराही वेळा ऐकतो.

परीक्षण करणाऱ्यांवरच परीक्षणाची वेळ आली, तो प्रसंग तर विसरण्यासारखा नाही. १९९८ पासून कॅमेऱ्यांची चिरफाड करणाऱ्या डीपीरिव्ह्यू या वेबसाइटचं दुकान बंद होणार, असं तिच्या मालक कंपनीने, म्हणजे अॅमेझॉनने, २०२३ च्या मार्चमध्ये जाहीर केलं. १० एप्रिलची मुदतही दिली. भाचा चेहरा टाकून बसला.

"कोन वारलं रे?" तात्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

भाच्याने समजावून सांगितलं. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि समोरच्या गिऱ्हाइकाची मान सरळ केली. पुढे जूनमध्ये बातमी आली की दुसऱ्या एका कंपनीने ते विकत घेतलं, दुकान चालूच राहणार. तात्या म्हणाले, "बरं झालं. तेराव्याचं कुनाला सांगितलं नव्हतं."

किमतीचं बोलायचं तर आमच्याकडे रुपयांत बोलून नीट समजत नाही. सोयाबीनमध्ये बोलावं लागतं. ए-सेव्हन-थ्रीची बॉडी भारतात आली तेव्हा १,६४,९९० रुपयांना होती. त्या वर्षीच्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ३,३९९. म्हणजे साडेअठ्ठेचाळीस क्विंटल. आर-फाइव्ह ३,३९,९९५ ला आला तेव्हा हमीभाव ३,८८०. म्हणजे साडेसत्त्याऐंशी क्विंटल. कोरडवाहूत एकरी सात-आठ क्विंटल धरले, तर बारा-एक एकराचं सगळं पीक बॉडीत गेलं. लेन्ससाठी शेजाऱ्याचं रान बघा. अर्थात हमीभाव हाही एक सीआर-टूच. बाजारात तो मिळेलच असं नाही.

मग २०२१ च्या ऑगस्टमध्ये लातूरच्या बाजारात सोयाबीन दहा हजारांच्या वर गेलं. भाचा कॅलक्युलेटर घेऊन धावत आला. "मामा, आर-फाइव्ह चौतीस क्विंटलवर आला!" हिशेब बिनचूक होता. अडचण एकच होती: ऑगस्टमध्ये सोयाबीन शेतात असतं, घरात नसतं. ज्यांच्या घरात होतं त्यांना फोटो काढायची हौस नव्हती. नवा माल येईस्तोवर भाव उतरले आणि आर-फाइव्ह पुन्हा आमच्या आवाक्याबाहेर जपानात जाऊन बसला.

कधीकधी आमच्या इतिहासाची आणि त्या धंद्याची गाठ पडते, ती अशी की कुणाला पत्ताही लागत नाही. १७ सप्टेंबर २००८. मराठवाडा मुक्तीला साठ वर्षं झाली म्हणून शाळाशाळांतून झेंडावंदन चाललं होतं आणि त्याच दिवशी कॅननने ५डी मार्क टू जाहीर केला. मोठ्या सेन्सरच्या, फोटोच्या कॅमेऱ्यात फुल एचडी व्हिडिओ. पुढे २०१० मध्ये अमेरिकेतल्या 'हाउस' या मालिकेचा एक अख्खा भाग त्याच्यावर काढला गेला. आमच्या मंडपात मात्र तो कॅमेरा आला तेव्हा नवरदेवाचे चुलते खवळले होते. "शूटिंगवाला कुठाय?" हा काय उभा आहे, म्हटलं तर पटेना. ज्याच्या खांद्यावर पेटीएवढा कॅमेरा नाही आणि ज्याच्यामागे हॅलोजन धरलेलं पोरगं नाही, तो कसला शूटिंगवाला? हॅलोजनमध्ये पंगतीतल्या माणसाने डोळे बारीक करून जिलबी खाणं, हा त्या काळच्या कॅसेटचा प्राण होता. शेवटी चुलत्यांच्या समाधानासाठी तात्यांनी एका पोराच्या हाती बंद हॅलोजन देऊन त्याला शेजारी उभं केलं, आणि कार्य पार पडलं.

त्या सप्टेंबरात देशाचे गृहमंत्री आमच्या गावचेच, शिवराज पाटील चाकूरकर. आणि कॅमेऱ्याशी त्यांचं नातं जुनं. १९९१ ते १९९६ ते लोकसभेचे अध्यक्ष होते, आणि संसदेतला प्रश्नोत्तराचा तास लोकांना टीव्हीवर घरबसल्या दिसू लागला तो त्यांच्याच काळात. कॅमेरा सभागृहात आणणाऱ्यांचेच कपडे कॅमेऱ्यांनी २००८ मध्ये मोजले. एका दिवसात किती वेळा बदलले याच्या बातम्या झाल्या. चाकुरात त्यावर फार चर्चा झाली नाही. कॅमेऱ्यासमोर कडक इस्त्रीत उभं राहणं ही आमच्याकडे तक्रारीची बाब कधीच नव्हती. तात्यांच्या स्टुडिओत अजून एक कोट टांगलेला आहे, ज्यात निम्म्या तालुक्याने पासपोर्ट फोटो काढलेत.

आता परीक्षणांकडे परत येतो, कारण माझी खरी तक्रार तिथे आहे. आर-फाइव्ह व्हिडिओ काढताना तापतो अशी बोंब झाली, तेव्हा कॅननने स्वतःचे आकडे जाहीर केले: आठ-के साधारण वीस मिनिटं, तापमान २३ अंश धरून. तेवीस अंश! चाकुरात एप्रिल-मे महिन्यात तेवीस अंश फक्त एटीएमच्या खोलीत असतात, तेही एटीएम चालू असेल तर. कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, चालवण्याचं तापमान ० ते ४० अंश. लग्नाचे दाट मुहूर्त मे महिन्यातले, तेव्हा आमच्याकडे पारा एक्केचाळीस-बेचाळीसला टेकतो. वर पत्र्याचा मंडप. म्हणजे कागदावर बघितलं तर मराठवाड्यातलं प्रत्येक दुपारचं लग्न कॅमेऱ्याला नामंजूर आहे. तात्यांचा मार्क थ्री ही सगळी लग्नं कशी काढतो? तात्या त्याच्यावर ओला पंचा धरतात. त्याला माहितीपत्रक वाचायला दिलेलं नाही, हेही एक कारण असावं.

डोळा पकडणारा फोकस ही अलीकडची मोठी बातमी. समोरच्याचा डोळा कॅमेरा स्वतः शोधतो आणि सोडत नाही. परीक्षक त्याची चाचणी उघड्या चेहऱ्याच्या, मोठ्या डोळ्यांच्या, समुद्रकाठी उभ्या असलेल्या मुलीवर घेतात. आमच्या नवरदेवाला बाशिंग असतं. कपाळावर आडवं, दोन्ही बाजूंनी झुरमुळ्या, मध्ये घामाने ओघळलेलं कुंकू. भाच्याने एकदा लातूरहून भाड्याने नवा कॅमेरा आणला, परण्या म्हणजे नवरदेवाची मिरवणूक निघाली तेव्हा तो कॅमेरा नवरदेवाचा डोळा शोधू लागला. त्याला आधी एक बँडवाला सापडला, मग झुरमुळ्यांतला एक चकाकणारा मणी, आणि शेवटी तो घोड्यावर जाऊन स्थिर झाला. कॅमेऱ्याची काही चूक नव्हती. २०२२ च्या नोव्हेंबरात कॅननने आर-सिक्स मार्क टू काढला, तेव्हा ओळखायच्या गोष्टींत घोडा, आगगाडी आणि विमान यांची भर घातलीच होती. परण्याच्या त्या फोटोंत घोड्याची पापणीन् पापणी मोजता येते.

तात्यांनी फक्त एक विचारलं, "बैल वळखतो का?"

भाच्याने यादी पुन्हा वाचली. कुत्रा, मांजर, पक्षी, घोडा. बैल नव्हता.

"मग पोळ्याला काय उपेग?"

पोळ्याला उपयोग नाही हे खरंच, पण दसऱ्याला आहे. त्या दिवशी स्टुडिओत कॅमेरे, लेन्स, फ्लॅश आणि पहिल्या दिवसांतला एक बंद पडलेला रोलचा कॅमेरा पाटावर मांडून झेंडू वाहतात. कॅननच्या १९३४ च्या नमुना-कॅमेऱ्याचं नाव 'क्वानन' होतं, आणि त्यावर हजार हातांच्या बोधिसत्त्वाचं चित्र होतं, हे भाच्याने पूजेच्या वेळी सांगितलं. लग्नाचा फोटोग्राफर बघितलेल्या कुणालाही हजार हातांचं प्रयोजन समजेल. त्याच्या लेन्सला नाव दिलं होतं 'कास्यपा'. गुरुजींनी घंटा थांबवली आणि समाधानाने मान डोलवली. ज्याचं गोत्र ठाऊक नाही त्याचं काश्यप धरायचं, हा नियम जपानपर्यंत पोचला होता तर!

लेन्स म्हटली की तो ८५ एमएमचा किस्सा सांगायलाच हवा. एफ १.२ ची लेन्स. परीक्षकांनी तिच्यावरून जीव ओवाळून टाकला होता: पाठीमागचं सगळं लोण्यासारखं विरघळतं, चेहरा तेवढा उठून येतो. भाच्याने तात्यांचं मन वळवून एका मोठ्या लग्नासाठी ती दोन दिवस भाड्याने आणली. स्टेजवरचे सगळे फोटो तिच्यावर काढले. फोटो खरोखरच सुरेख होते. मी ते बघितलेत. वधूपिता ते बघायला स्टुडिओत आले, तेव्हाही मी तिथेच होतो.

ते बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तात्या, स्टेज कुठंय?"

"ते मागं हाय की भाऊ. ब्लर झालंय. भारी लेन्स हाय, तिच्यात मागचं ब्लर होतंय."

"लेन्स भारी तुमची. स्टेज माझं हाय. पावनेदोन लाख मोजलेत त्या फुलाला. डेकोरेशनवाला पुण्याहून आनला. अन् तुमी त्याचा धूर केला?"

भाचा मध्ये पडला. "काका, याला बोके म्हनतात. लोक याच्यासाठी लाखानं पैसे देतात."

"बोके घालायला लाखानं पैसे देतात? देऊ द्या. आमच्या लग्नात बोके नको हुते." मग त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "हे पांढरं काय दिसूलालंय?"

तात्यांनी चष्मा वर केला. "मानूस असावं."

"कोन?"

फोटो मोठा केला, लहान केला. पांढरा सदरा एवढं कळत होतं. अखेर वधूपित्यांनी उभं राहण्याच्या ढबीवरून ओळखलं. ते त्यांचे साडू होते. हेच साडू आहेराच्या टोपीवरून आधीच नाराज होऊन न जेवता गेले होते, आणि ते लग्नात हजर होते याचा हा एकमेव पुरावा.

यामागे कुणाचा दुष्टावा नाही, साधं गणित आहे. ८५ एमएमची लेन्स एफ १.२ वर उघडून दोन मीटरवरून फोटो काढला, तर धारदार येणारी जागा जेमतेम चार सेंटिमीटर खोल असते. दोन बोटं समजा. त्या दोन बोटांत नवरीची नथ येते. कानातले झुबे येत नाहीत. सोन्याचा भाव बघता नवरीच्या बापाला झुब्यांचे तोळे अंधुक दिसणं परवडत नाही, आणि ते का परवडत नाही हे जपानी इंजिनिअरला कुणी समजावलेलं नाही. तात्या तेव्हापासून लग्न एफ ८ वर काढतात, मागच्या भिंतीपर्यंत सगळं लख्ख. स्टेज दिसतं, झुबे दिसतात, साडू दिसतात, साडूंच्या मागे पंख्याची फाटलेली जाळी दिसते. परीक्षक अशा फोटोला 'सपाट' म्हणतील. पण त्याच्यावर बिलाचे पैसे मिळतात.

सरकारलाही मागचं ब्लर चालत नाही. किंबहुना तालुक्यातले सगळ्यांत महत्त्वाचे फोटो हल्ली तात्या काढतच नाहीत, शेतकरी स्वतः मोबाइलवर काढतात. २०२१ पासून ई-पीक पाहणी आली: आपल्या रानात उभं राहायचं, पिकाचा फोटो काढायचा, अॅपमध्ये चढवायचा. अतिवृष्टीने पीक गेलं तर २०२४ पर्यंत विम्यासाठी ७२ तासांत कळवावं लागायचं, फोटोसहित. घरकुल मंजूर झालं तर पाया, भिंत, छत अशा एकेका टप्प्याचा फोटो. रोजगार हमीवर हजेरी दिवसातून दोनदा, फोटोनेच. एवढ्या फोटोंत एकदाही कुणी सेन्सर केवढा विचारलेला नाही. रेंज आहे का, एवढंच विचारतात. एका आजोबांनी पोर्ट्रेट मोडवर स्वतःचा झकास फोटो काढला होता. मागे सोयाबीन होतं की तूर, ते फक्त आजोबांच्या शब्दावर.

गावात सीमा सुरक्षा दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे. तिथली देशभरातली तरणी पोरं सुट्टीच्या दिवशी वर्दीतला फोटो घरी पाठवायला येतात. त्यांची अट एकच असते: छाती दिसली पाहिजे. तात्या हे काम मार्क थ्रीवर नीट करतात.

खरं परीक्षण होतं ते अल्बम घरी गेल्यावर. चाळीस पानांचा करिझ्मा अल्बम सोफ्यावर उघडतात आणि भोवती बायका बसतात. कुठल्याही परीक्षकाने कधी लावले नसतील असे निकष तिथे लागतात. कुणाचे किती फोटो? कुणाचा जेवताना काढला? हिची साडी दोनदा आणि माझी एकदाही कशी नाही? परवाच नवरदेवाच्या आत्यांनी तात्यांना फोनवर पकडलं. "माझा एकच फोटो, तोबी पाठमोरा. मी काय वाढपी हुते?" तात्यांकडे उत्तर नव्हतं. भाच्याकडे होतं. बातमी असलेल्या माणसाकडे उत्तर असतंच.

त्याने सांगितलं की २०२४ च्या जुलैत आलेल्या आर-फाइव्ह मार्क टूमध्ये ओळखीचे चेहरे आधीच नोंदवून ठेवता येतात. एका यादीत दहा. मग कितीही गर्दी असो, कॅमेरा त्या दहा जणांनाच आधी धरतो. आत्या कुठं गेल्या, काळजीच नको.

हे तो स्टुडिओत बोलला. स्टुडिओत त्या वेळी झेरॉक्सला आलेले चौघे होते.

दोन दिवसांत ही बातमी आष्टामोडपासून वडवळ नागनाथपर्यंत गेली, आणि जाता जाता तिचा दर्जा सीआर-वनवरून थेट सीआर-थ्रीवर गेला. तात्यांनी नवा कॅमेरा आणलाय. त्याच्यात दहाच माणसं येतात. यादी आधी ठरते. बाकीच्यांचे फोटो निघतच नाहीत. एका घरात यादीवरून दोन जावांचं बोलणं बंद झालं, असंही कानावर आलं. फेब्रुवारीच्या दोन तारखा धरलेले गृहस्थ 'घरात विचारून कळवतो' म्हणाले. शेवटी तात्यांनी झेरॉक्सच्या काचेवर कागद चिकटवला: 'आमच्याकडे सर्व पाहुण्यांचे फोटो काढले जातात.'

कागदाने फरक पडला नाही. काल मी बसलेलो असताना फोन वाजला. बाई रोहिण्याकडच्या होत्या, आवाज स्पीकरवर होता.

"तात्या, आमच्या पोरीच्या लग्नाला ते दहा जनाची यादी करूलालाव म्हनं. त्याच्यात आमच्या दाजीचं नाव हाय का?"

"ताई, कसली यादी? मी ते कॅमेराच घेतला नाही अजून."

"ते असू द्या ओ. नाव तर टाकून ठेवा."